खैरुनच्या पदरातली काळी काच

मी एक जुनी काळी काच आहे. पेढ्यापेक्षा मोठी, पुरीपेक्षा लहान, आणि कडेला आटे पाडलेली धातूची चकती. मित्रांनो, तुम्ही मला डोळ्याला लावलंत तर तुम्हाला काहीही दिसणार नाही. आजवर एक जण सोडून ज्याने ज्याने मला हातात घेतलं त्याने हेच केलं आणि "काईच नाई दिसत" म्हणून मला खाली ठेवलं. पूर्वी मला याचा फार राग यायचा. आता येत नाही. मात्र मला धरून सूर्याकडे कधी पाहू नका. मी काळी असले तरी डोळे जातात, आणि मग बोल मलाच लागेल.

उजेडाचा एक भाग तुमच्या डोळ्यांना दिसत नाही. तांबड्याच्याही पलीकडचा तो उजेड. त्याला अवरक्त म्हणतात, हे तुम्ही पुढे शाळेत शिकालच. कॅमेऱ्याच्या भिंगावर मला बसवलं की दिसणारा सगळा उजेड मी बाहेर अडवते आणि हा न दिसणारा तेवढा आत सोडते. त्यासाठी फिल्मही वेगळी लागते. मग हिरवी पानं पांढरीशुभ्र उमटतात, आभाळ आणि पाणी काळं होतं. एवढंच माझं काम. सांगायला सोपं आहे, पण असा फोटो माणसं पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहतात.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. भट्टीतून निघाले, घासली गेले, कागदात गुंडाळली गेले. कोलकात्याचे एक प्राध्यापक पानांवरचे रोग तपासायला चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात येत, त्यांच्या पेटीतून मी इकडे आले. माझ्यातून काढलेल्या फोटोत आजारी पान काळपट दिसतं, म्हणून त्यांना माझी गरज होती. एकदा ब्रह्मपुरीत त्यांच्या कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे बटण दाबल्यावर उघडून उजेड आत सोडणारं शटर, अडकला. बसस्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत बाबूभाईंनी तो खोलून, साफ करून चालू करून दिला. प्राध्यापकांचं जंगलातलं काम संपलंच होतं. जाताना ते मला आणि उरलेल्या फिल्मच्या डब्या बाबूभाईंना बक्षीस देऊन गेले.

बाबूभाईंनी मला डोळ्याला लावलं आणि तेही हसले. मग मी टेबलाच्या खणात पडले, संपलेल्या सेलांच्या आणि तुटक्या चाव्यांच्या सोबतीला. बाहेर त्यांचा धंदा चालू असे. कॉलेजच्या मुलांचे फॉर्मवर लावायचे फोटो, लग्नातले फोटो, नव्या बाळांचे फोटो. "मान थोडी वर. हसू नका. आता हसा." हे मी खणात बसून इतक्या वेळा ऐकलं की पाठ झालं. एवढी मोठ्या घरची मी, आणि माझी ही गत! असं मला तेव्हा वाटायचं. दुःख म्हणजे काय ते मला अजून कळायचं होतं.

बाबूभाईंना दोन मुलं होती. थोरला जिशान कॉलेजात होता आणि धाकटी फरहा चौथीत. शहाण्णव सालच्या पावसाळ्यात फरहाला ताप आला. साधा वाटला, मग चढला, मग ती बरळायला लागली. जीपमध्ये घालून तिला चंद्रपूरला न्यायला निघाले, पण ती तिथवर पोचली नाही. हिवताप डोक्यात गेला होता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

घरात रडारड झाली, माणसं आली, गेली. फरहाची आई, खैरुन, मात्र रडली नाही आणि बोललीही नाही. स्टुडिओ पुढे आणि घर मागे, मध्ये एक पडदा. त्यामुळे मला सगळं ऐकू येई. खैरुन स्वयंपाक करायची, झाडायची, नमाज पढायची, आणि उरलेला वेळ मागच्या दारात बसून राहायची. कोणी काही विचारलं तर मान हलवायची. शेजारच्या सुगंधाबाई रोज येऊन तिच्या हातात चहाची कपबशी द्यायच्या आणि ती पिईपर्यंत उठायच्या नाहीत.

"बाई, रड वं एकदाची," त्या म्हणायच्या. "आंगात ठेवू नको."

खैरुन चहा संपवून कपबशी विसळून आणायची.

बाबूभाईंकडे फरहाचे फोटो पुष्कळ होते. बापच फोटोवाला म्हटल्यावर पोरीचे फोटो किती असतील! त्यांना वाटलं, पाहून तिला बरं वाटेल. त्यांनी एक मोठा करून भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी तो खाली उतरवलेला होता, तोंड भिंतीकडे करून. त्यानंतर खैरुन पडद्याच्या पुढे स्टुडिओत येईनाशी झाली. फोटोतल्या कोणत्याच चेहऱ्याकडे तिला बघवत नव्हतं. बाबूभाईंना तर फोटोशिवाय दुसरं काही येत नव्हतं. बायकोसाठी करण्यासारखं आपल्या हातात काहीच नाही, याचं त्यांना किती वाईट वाटे ते मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक नसलं की ते खण उघडायचे, काही न घेता बंद करायचे.

असाच एकदा खण उघडला आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. ज्यात माणसाचा चेहराच नाही असा फोटो त्यांना सुचला असावा.

थंडी सुरू झाली होती. आपल्याकडे थंडी म्हणजे सुखाचे दिवस. शिवाय या फिल्मला आमचा उन्हाळा अजिबात सोसत नाही. उजेडाने तर ती जातेच, पण तापानेही जाते. न वापरलेल्या डब्या बाबूभाई समोरच्या औषधाच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये ठेवत आणि घरी सांगत, "हिले थंडातच ठेवा लागते, उन्हात ठेवली का मेली." म्हणून आमचं काम फक्त हिवाळ्यात.

"खैरुन, उद्या जंगलात जायचं हाये," ते म्हणाले. "फोटो काढायचे हायेत, मले एका मानसाची मदत पाहिजे. जिशानची परीक्षा हाये."

जिशानची परीक्षा बिरीक्षा काही नव्हती. खैरुनने नेहमीसारखी मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, हे कोणालाच कळलं नाही. बाबूभाईंनी ते हो धरलं.

आमच्या भागात विनाकारण जंगलात कोणी जात नाही. मोहाच्या दिवसात मोह वेचायला, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला, एरवी लाकडाला. नुसतं फिरायला म्हणून बायकोला घेऊन जंगलात जायचं, हे ऐकून सुगंधाबाईंनीही कपाळाला हात लावला. "भाऊ, तुमचंही डोकं फिरलं का?" त्या म्हणाल्या. तरी त्यांनीच पोळ्या आणि लसणाची चटणी बांधून दिली.

पहाटेची लाल बस वैनगंगेचा पूल ओलांडून आरमोरीकडे जाते. पुढे एका फाट्यावर आम्ही उतरलो. धानाच्या कापलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यापलीकडे जंगल. दव इतकं होतं की खैरुनच्या साडीचे काठ भिजले. बाबूभाईंच्या खांद्यावर कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड, आणि मी खैरुनच्या पदराच्या गाठीत. बाबूभाईंनीच मला तिच्या हाती दिलं होतं. "ही काच संभाळनं तुहं काम," ते म्हणाले होते.

तिने मला डोळ्याला लावून पाहिलं नाही, मित्रांनो. तशी ती एकटीच. तिने मला मुठीत घेतलं आणि गाठ मारली. तिचा हात बर्फासारखा गार होता.

एका मोठ्या मोहाच्या झाडासमोर बाबूभाई थांबले. तिथे एक गुराखी शेकोटी करून बसला होता. त्याचं नाव सुकलू.

"वाघाचा फोटो काढता का जी?" त्याने विचारलं.

"नाई. या झाडाचा."

सुकलूने एकदा झाडाकडे आणि एकदा बाबूभाईंकडे पाहिलं. "झाड तं इथीच राह्यते. कुठी पळून चाललं का?" मग तो खैरुनला म्हणाला, "बाई, तू इथी बस शेकत. तुह्या मानसाले काढू दे."

आता माझ्या कामाची पद्धत ऐका. मला भिंगावर बसवलं की कॅमेरा आंधळा होतो, त्यातून काही दिसत नाही. म्हणून आधी कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, झाड नीट बसवायचं, भिंगाची चकती फिरवून अवरक्त उजेडासाठीच्या लाल खुणेवर आणायची, आणि मग मला चढवायचं. माझ्यातून उजेड इतका कमी जातो की बटण दाबल्यावर पडदा थोडा वेळ उघडा ठेवावा लागतो.

बाबूभाईंनी हे सगळं केलं. खैरुनने गाठ सोडून मला दिलं. मग ते म्हणाले, "मी बटन दाबलं का तू बिस्मिल्ला म्हन, पुरा, हळूहळू. तुहं संपलं का मी सोडतो. माह्याजवळ घडी नाई आज."

कॅमेऱ्याच्या चकतीवर एका सेकंदाची खूण होती. ती लावली की पडदा आपला आपण बंद होतो. बाबूभाईंना ते माहीत होतं आणि मलाही. पण मी काच, मी कोणाला सांगणार?

त्यांनी बटण दाबलं. पडदा उघडला. खैरुन गप्प. बाबूभाईंनी बटण दाबूनच धरलं. फिल्मवर उजेड पडत राहिला, तो फोटो वाया गेला हे मला तेव्हाच कळलं. शेकोटीत लाकूड तडतडलं.

"बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम," खैरुन म्हणाली.

फार दिवस न वापरलेला आवाज होता तो. घोगरा, तुटका. बाबूभाईंनी बटण सोडलं आणि तोंड फिरवून उगाच स्टँडचे पाय सारखे करत बसले. मग त्यांनी फिल्म पुढे सरकवली. "आनखी एक घेऊ," ते म्हणाले. ती पुन्हा म्हणाली, या वेळी लगेच. त्या दिवशी अख्खा रोल संपला.

फोटो धुतले तेव्हा खैरुन अंधारखोलीच्या दारापर्यंत आली. लाल दिव्याखाली, तबकातल्या रसायनाच्या पाण्यात कोरा कागद होता. त्यावर हळूहळू काळं आभाळ उमटलं आणि त्यासमोर पांढराशुभ्र मोह. ती वाकली. ती गोंडपिपरीकडची, कापसाच्या शेतात वाढलेली.

"अगं माय," ती म्हणाली. "मोहाले कापूस फुटला!"

आणि हसली. मग तिथेच जमिनीवर बसून रडली, पोटभर, पहिल्यांदा. बाबूभाई तिच्याजवळ बसून राहिले. तबकातला कागद काळा होऊन गेला, पण त्याचं कोणाला काही नव्हतं.

मित्रांनो, त्यानंतरचे हिवाळे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. खैरुन एकदम बरी झाली असं समजू नका. पावसाळा आला की ती पुन्हा मिटायची. पण दिवाळी झाली की तिचे डोळे जंगलाकडे लागायचे. "थंडी पडून राह्यली जी," असं ती बाबूभाईंना सुचवायची. फिल्म नागपूरहून मागवावी लागे, वर्षाला एक-दोन रोल मिळत. त्यात आम्ही साग काढले, बांबू काढले, वैनगंगेचं काळं पाणी काढलं. सुकलूला त्याच्या मोहाचा फोटो नेऊन दिला. तो मोह त्याच्या आजाचा होता. त्याने फोटो उलटासुलटा केला आणि म्हणाला, "आमचा मोहा म्हातारा झाला का जी? केस पिकले त्याचे." खैरुन इतकी हसली की तिला ठसका लागला. सुगंधाबाईसुद्धा एकदा आमच्याबरोबर आल्या. झाडाचा फोटो पाहून त्यांना काही वाटलं नाही, पण चालून आल्यावर भूक चांगली लागते असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या.

खैरुन सगळं काम शिकली. अंधारात चाचपून फिल्म घालणं, गुंडाळून काढणं, लाल खूण. मी मात्र तिच्या पदरातच. तिचा हात आता गार नसायचा.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. ब्रह्मपुरीतल्या अर्ध्या गावाचे फोटो काढणाऱ्या बाबूभाईंचा स्वतःचा धड एक फोटो नव्हता. दोन हजार चारच्या जानेवारीत खैरुनने त्यांना त्या मोहाखाली उभं केलं.

"मी काढतो," ती म्हणाली.

"माहा कायले? झाडाचा काढ."

"झाडाचे लय झाले. हालू नका. मान थोडी वर. हसू नका." मग, "आता हसा."

त्यांचं ते स्टुडिओतलं बोलणं त्यांनाच ऐकवलं तिने. तिने मला भिंगावर चढवलं. या वेळी ती बटण दाबत होती, म्हणून बिस्मिल्ला बाबूभाईंनी म्हटलं, झाडाखालून, मोठ्याने. म्हणताना त्यांना हसू आवरत नव्हतं. माझ्यातून तो उजेड आत गेला. त्यांचा चेहरा, खांद्यावरचा मफलर, मागे पांढरा मोह. असा फोटो मी दुसरा पाहिला नाही.

रोल अर्धाच झाला होता. महाग फिल्म, वाया कशाला घालवायची, उरलेली पुढच्या थंडीत संपवू, असं ठरलं. फाल्गुनात एका दुपारी स्टुडिओत गिऱ्हाइकाचा फोटो काढताना बाबूभाई छातीवर हात ठेवून खाली बसले, आणि उठले नाहीत.

खैरुन इद्दतीला बसली. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घराबाहेर पडायचं नाही, असा त्यांच्यात रिवाज आहे. चैत्र लागला, ऊन तापायला लागलं. कॅमेऱ्यात तो रोल होता आणि त्यात बाबूभाई होते. समोरच्या दुकानातला फ्रिज पंचवीस पावलांवर, पण तिला उंबरा ओलांडता येत नव्हता. जिशानच्या हाती देता आला असता. तिला द्यायचा नव्हता. जगात तिच्यापाशी तेवढंच एक होतं, ते ती दुसऱ्याच्या हाती आणि दुसऱ्याच्या घरात कसं ठेवणार?

तिने सगळं बरोबर केलं, मित्रांनो. अंधारखोलीत गेली, दार लावलं, चाचपून फिल्म गुंडाळली, काढली. मग विचार केला. थंडातच ठेवा लागते, असं ते सांगायचे. आमच्याकडे उन्हाळ्यात नागवेलीची पानं, कोथिंबीर जशी ठेवतात तशी तिने ती ठेवली. डबीत कोंडली तर गरम होईल म्हणून डबीतून बाहेर काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली, आणि पाण्याच्या माठाच्या बुडाशी, गार ओल्या वाळूत ठेवली. शेजारी मला ठेवलं. रोज सकाळी ती फडकं नव्याने ओलं करायची आणि हलक्या हाताने थोपटायची.

पाणी रिळाच्या फटीतून आत फिल्मपर्यंत शिरत होतं. मी तिथेच होते. मला दिसत होतं, माझ्याही कडेला गंज चढत होता. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मी काय करू शकत होते?

इद्दत संपली त्या दिवशी तिने पुडकं जिशानच्या हातात दिलं. "तुह्या अब्बाचा फोटो हाये. नागपूरले चांगल्या ठिकानी धुव."

जिशान नागपूरहून परत आला तेव्हा संध्याकाळची चहाची वेळ होती. सुगंधाबाई बसल्या होत्या.

"अम्मी," तो म्हणाला, "नाई निंघाला. पान्यानं चिकटली होती पुरी. बुरशी लागली."

"एकही नाई?"

"एकही नाई."

खैरुनने बशी खाली ठेवली. "मीच पानी घातलं," ती म्हणाली. "रोज घातलं."

"तुले कसं मालूम राहीन, बाई," सुगंधाबाई म्हणाल्या आणि तिला जवळ घेतलं. खैरुन त्यांच्या खांद्यावर लाकडासारखी राहिली. तेव्हापासून ती पुन्हा मागच्या दारात बसते.

आता स्टुडिओत झेरॉक्सचं मशीन आहे, मोबाइलचं रिचार्ज मिळतं, आणि फोटो काढणाऱ्या नव्या कॅमेऱ्याला फिल्म लागतच नाही. अंधारखोलीत कागदांचे गठ्ठे आहेत. सुगंधाबाईंचे गुडघे धरले आहेत, त्यांना चालवत नाही. जिशान वाईट मुलगा नाही. आईला वेळेवर औषध देतो, टीव्ही लावून देतो, दुकानातून आत डोकावून विचारतो, "अम्मी, काई पाहिजे का?" ती म्हणते, "नाई." तो पुन्हा कामाला लागतो. मी त्याच जुन्या खणात आहे.

परवा ती सुई शोधायला आली. तिचा हात माझ्यावर पडला. तिने मला उचललं, पदराने कड पुसली. हात पुन्हा गार झाला आहे. मला हातात धरून तिने दुकानाकडे तोंड केलं आणि विचारलं, "जिशान, मोहाची पानं गळली का रे औंदा?"

"मले काय मालूम अम्मी," तो मशीनमध्ये कागद भरत म्हणाला. "विचारून सांगतो कोनाले."

तिने आणखी एकदा माझी कड पुसली. मग मला खणात ठेवलं आणि आत गेली. जिशान विचारायचं विसरला.

मित्रांनो, खणातल्या वस्तू आपली कहाणी सांगून शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, जपा, फेकू नका. मला तसलं काही नको. मला बुरशी लागली तरी चालेल, भंगारात गेले तरी चालेल. पण पाच वर्षांत ती बाई आपणहून एवढंच एक बोलली आहे. ती पानांची चौकशी करत नव्हती हो, तिला जायचं होतं! ते माझ्याशिवाय कोणाला कळलं नाही आणि मला पाय नाहीत. तुमच्यापैकी कोणी त्या दुकानात झेरॉक्स काढायला गेलात तर जिशानभाऊंना एवढं सांगा. कॅमेरा नको, फिल्म नको. पोळी-चटणी बांधा, आईचा हात धरा आणि पहाटेच्या बसने फाट्यावर उतरा. तुमच्याही घरात कोणी असं दारात बसून असेल, तर काय पाहिजे म्हणून विचारत बसू नका, उठवून बरोबर न्या.

मोहाची पानं अजून आहेत. माघ संपला की गळतात.